विजेवरचं दही

मी यंत्रांच्या विरुद्ध आहे असा कृपया समज करून घेऊ नका. वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला यंत्राविषयी आदर नसला तरी धाक असतोच. आमच्या घरात मिक्सर आला तेव्हा पाट्या-वरवंट्याची बाजू आजीनं एकटीनं लढवली. मी मिक्सरच्या बाजूनं होतो. वॉशिंग मशीनला तर मी स्वतः हार घातला. पण विजेवर दही लावायचं यंत्र घरात आलं आणि माझा तोल सुटला. त्या यंत्राविरुद्ध मी आज रीतसर तक्रार दाखल करतो आहे.

यंत्र मेहुण्यानं आणलं. पुण्याचा मेहुणा शिरूरला रिकाम्या हातानं येत नाही, हे आमचं जुनं दुखणं. "दाजी, आता दह्याचं टेन्शन संपलं," तो म्हणाला. मला दह्याचं टेन्शन कधीच नव्हतं. रात्री दूध असतं आणि सकाळी त्याचं दही होतं, अशी पंचेचाळीस वर्षं माझी प्रामाणिक समजूत होती.

दिसायला यंत्र ढोकळ्याच्या भांड्यासारखं. झाकणाखाली काचेच्या सात बरण्या, बुडाशी वायर, पुढं लाल दिवा. बरण्या सात आणि घरात माणसं तीन. सोबत चौदा सूचनांची पुस्तिका. एवढ्या अटी मी फक्त गृहकर्जाच्या कागदांत पाहिल्या आहेत. त्यांतली सहावी सूचना अशी, की दर वेळी विरजणाच्या पावडरीचं नवं पाकीट वापरावं. माझं खरं भांडण या सहाव्या कलमाशी आहे. पण आधी यंत्राचा समाचार घेतो.

पुस्तिका दोनदा वाचल्यावर कळलं, की हे यंत्र दही लावतच नाही! ते फक्त दूध कोमट ठेवतं. चाळीस ते पंचेचाळीस अंश, सहा ते आठ तास. बाकी सगळं काम विरजणातले जंतू करतात. ते दुधातली साखर खातात, तिचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दूध थिजतं. यातला एक जंतू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन तरुणानं जिनिव्हात सूक्ष्मदर्शकाखाली शोधला. तोवर तो जंतू हजारो वर्षं हेच काम विजेचं कनेक्शन न घेता करत होता. पुढं मेचनिकॉफ या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञानं सांगितलं, की आंबवलेल्या दुधानं माणूस दीर्घायुषी होतो. ते स्वतः रोज घेत आणि एकाहत्तराव्या वर्षी गेले. आमच्या दौंडच्या आळीत एकाहत्तर म्हणजे हळदीकुंकवाला पुढं होणारं वय!

तर, दूध कोमट ठेवणं एवढंच काम. आता मला सांगा, घोडनदीच्या काठी राहणाऱ्या माणसाला एप्रिल-मे महिन्यात दूध कोमट ठेवायला यंत्र लागतं? आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा माणूससुद्धा विरजतो. दौंडला भीमेच्या काठीही तीच तऱ्हा. राहिले थंडीचे दोन-अडीच महिने. तेव्हा आई पातेलं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवते. टॉवेलला गॅरंटी कार्ड नसतं, कारण तो बिघडत नाही.

कुणी म्हणेल, थंड देशात काय करायचं? तिथं खुशाल वापरा. माझी तक्रार टोरांटोतल्या मराठी बायकांविरुद्ध नाही. त्यांतल्या कित्येकजणी तर दुधाचं भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला नुसता दिवा लावतात, आणि त्या दिव्याच्या उबेवर बाहेर बर्फ असताना कवडीदार दही लागतं. म्हणजे तिथंही या यंत्राची नोकरी कायम नाहीच.

आता सहावं कलम. २०१४ साली माझी दौंड शाखेतून शिरूरला बदली झाली. निघताना आईनं स्टीलच्या डबीत विरजण दिलं. ते तिला तिच्या सासूकडून मिळालेलं. चौफुला, न्हावरा असं करत एस्टीनं शिरूरला पोचेपर्यंत डबीत ताक झालं होतं. आईला फोन केला तर म्हणाली, "असू दे रे. ताकानंही लागतं. फक्त एक लक्षात ठेव, दही संपवायच्या आधी चमचाभर बाजूला काढायचं." एम.कॉम.ला आम्हाला भांडवलाची व्याख्या शिकवायला दोन तास लागले होते.

चौथ्या दिवशी शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात. "विरजण आहे का हो? आमचं आज संपलं." पुढं त्यांनी आमच्याकडं मागायचं, आम्ही त्यांच्याकडं. या व्यवहाराला वही नव्हती. घेणाऱ्याच्या नावे टाकायचं नाही, देणाऱ्याच्या जमा धरायचं नाही. कर्ज चमचाभर, व्याज गप्पा. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या दह्यावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. काकूंच्या वाटीला लेबल नव्हतं, म्हणून वाचलो.

यंत्र आलं आणि पाकिटं आली. काकू एकदा वाटी घेऊन आल्या, लाल दिव्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचं आता विजेवरचं. आमच्या साध्या दुधाला चालेल का ते?" आणि नको म्हणून परत गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. फक्त बेल वाजायची थांबली. दौंडचं विरजणही कुठल्याशा दिवशी कढीत गेलं. शनिवारी फोनवर आईनं विचारलं, "विरजण टिकवलंयस ना?" मी "हो" म्हणालो. ऑडिटरशीही मी इतकं सरळ खोटं बोललेलो नाही.

मग एका गुरुवारी, दिवसभर दुरुस्तीसाठी वीज बंद. रात्री आली ती पुन्हा गेली. सकाळी सातही बरण्यांत आंबूस दूध, आणि पाकिटं संपलेली. मी संधी साधून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि आपली परंपरा, शेजारधर्म, आईचं विरजण यांवर पंधरा मिनिटं बोललो. हिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही आयुष्यात एकदा तरी दही लावलंय का?"

सभा तिथंच बरखास्त झाली.

हिचं खरं होतं, हे मला मान्य करावं लागतं. ही शाळेतून पाच वाजता येते. रात्री सगळे झोपल्यावर दूध कोमट झालं का ते बघत ओट्याशी उभं राहणं तिच्याच वाट्याला. यंत्र तिला आवडलं ते दह्यासाठी नव्हे, त्या अर्ध्या तासाच्या झोपेसाठी. परंपरेचा अभिमान माझा आणि जागरण तिचं, हा ताळेबंद कुठलाही ऑडिटर पास करणार नाही. म्हणून मी जाहीर केलं, "आजपासून दही मी लावणार."

पण विरजण? मी वाटी घेऊन काकूंच्या दारात गेलो. बराच वेळ कडी निघाली नाही. निघाली तेव्हा काकू काठी टेकत उभ्या. "पाय मुरगळला हो न्हाणीत. आज नववा दिवस." भिंतीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं त्या, मध्ये नऊ इंची वीट, आणि नऊ दिवस आम्हाला पत्ता नाही. पूर्वी दुसऱ्या दिवशी कळलं असतं, वाटी आली नाही म्हणून.

त्यांनी फडताळातलं सट दाखवलं. "घ्या तुम्हीच. तुमचंच आहे, दौंडचं. शेवटचं नेलं होतं ते चालवतेय." मुद्दल सुरक्षित होतं! आमच्या शाखेत बुडालेलं, शेजारच्या शाखेत जिवंत.

त्या रात्री मी दूध तापवलं, निववलं, करंगळी बुडवून पाहिली, आणि ती भाजली. थोड्या वेळानं पुन्हा बुडवली. सकाळी दही लागलं होतं; जरा तार सुटली होती, पण लागलं होतं. चमचाभर आधी बाजूला काढलं. एक वाटी भरून काकूंकडं नेली, आणि येताना त्यांची औषधाची चिठ्ठी घेऊन आलो.

यंत्र सध्या माळ्यावर आहे. मेहुणा येणार असला की खाली काढतो. तुम्हाला हवं असेल तर जरूर घेऊन जा. मात्र विरजण मागायला आलात, तर वाटी तुमची आणा.