काठमांडूहून परतलो



गेल्या आठवड्यात आम्ही उभयता काठमांडूहून परतलो. डहाणू रोडला उतरून रिक्षाने धाकटी डहाणू गाठली, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला. मनगटावरचे घड्याळ मात्र अजून नेपाळी वेळेनुसार पंधरा मिनिटे पुढेच होते.

पासपोर्टाशिवाय जाता येणारा हा परदेश. मतदार ओळखपत्रावर भागते आणि आपल्या 100 रुपयांचे तिकडे 160 होतात. म्हणूनच कारकुनाला परवडला!

खर्चाला आईने साठवलेले पैसे दिले होते, एका अटीवर : "बाबासाहेब बोलले ती जागा बघून या." नोव्हेंबर 1956 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते काठमांडूला गेले, बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. धम्मदीक्षेला जेमतेम महिना झालेला, प्रकृती खालावलेली. 6 डिसेंबरला तर महापरिनिर्वाण. आम्ही दोन दिवस विचारत फिरलो, नेमकी जागा सापडली नाही. चूक आमचीच, निघण्यापूर्वी चौकशी करायला हवी होती.

बौद्धनाथ स्तूपापाशी मात्र संध्याकाळभर बसलो. 2015 च्या भूकंपात त्याच्या शिखराला तडे गेले होते. सरकारी निधीची वाट न बघता उपासकांच्या देणग्यांतून नोव्हेंबर 2016 पर्यंत ते पुन्हा उभे राहिले. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या गळक्या पत्र्यांसाठी आम्ही किती अर्ज खरडले, हे सौ.नी तिथेच विचारले. आम्ही गप्प.

घरी आल्या आल्या आईचा प्रश्न, "जागा सापडली?"

नाही म्हणालो. ती जरा थांबली. "त्याच गावात फिरलात ना? मग चपला धुऊ नका इतक्यात."

चपला ओट्यावर तशाच आहेत.