माईक बंद ठेवून खेळणाऱ्या मुली

रात्री साडेदहानंतर पुण्यातल्या मुलांच्या कुठल्याही वसतिगृहाचा जिना चढावा. बंद दारांआडून एक हाक हमखास कानावर येते: ‘नॉक झालो, उचल ना रे!’ आत एका एक्स्टेंशन बोर्डाला चार चार्जर खोचलेले, दोघं कॉटवर, दोघं खाली चटईवर. ‘बीजीएमआय’ या मोबाइल खेळात शंभर जण बेटावर उतरतात आणि चौघांचा एक संघ असतो. गोळी लागून कोसळलेला गडी लगेच बाद होत नाही, तो रांगत राहतो. सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद दिले, तर पुन्हा उभा राहतो. पण तेवढा वेळ उचलणाराही शत्रूच्या टप्प्यात असतो. अशा वेळी कोण धावून आला आणि कोण लूट गोळा करत बसला, हे पोरं महिनोन्महिने विसरत नाहीत. लातूरहून किंवा चंद्रपूरहून पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाची खोलीतल्या इतरांशी गट्टी जमते, ती अनेकदा इथेच.

मोठ्यांना यात फक्त वाया गेलेले तास दिसतात. त्यांची काळजी खोटी नाही. बंदीनंतर मे 2023 मध्ये हा खेळ परतला तेव्हा सज्ञान खेळाडूंना दिवसाला सहा तासांची मर्यादा होती. सहा तास! परीक्षेच्या तोंडावर कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. पण काळजीचं रूपांतर कशात झालं, तेही आठवावं. मार्च 2019 मध्ये राजकोट पोलिसांनी याच खेळाच्या आधीच्या अवतारावर, म्हणजे पबजीवर, बंदी घातली आणि मोबाइलवर खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांना चक्क अटक केली.

दरम्यान सरकारची भूमिका बदलत गेली. जकार्ताच्या 2018 च्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळले जाणारे व्हिडिओ गेम, केवळ प्रात्यक्षिकापुरते होते. तिथे भूजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’ खेळात कांस्य मिळवलं. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना खऱ्या पदकांचा दर्जा मिळाला. त्याआधीच, डिसेंबर 2022 मध्ये, केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले होते. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. एवढी स्पष्ट रेघ ओढली गेल्यावरही कितीतरी कॉलेजांत रमीवर पैसे उधळणारा आणि संघ बांधून सराव करणारा, दोघांना एकाच मापाने मोजतात.

कॉलेजं या खेळाकडे अशी पाठ फिरवतात, म्हणून तिथे कुणाचा वचक राहत नाही, आणि त्याची सगळ्यात जास्त झळ मुलींना बसते.

एखादी मुलगी अनोळखी संघात शिरून माईकवर ‘डावीकडच्या घरात दोघं आहेत’ एवढंच बोलते. पलीकडून लगेच, ‘अरे, लडकी है!’ मग कुणी नंबर मागतो, कुणी घाणेरडं बोलतो, आणि डाव हरला तर खापर तिच्यावर. म्हणून कित्येक मुली माईक बंद ठेवतात आणि मुलगी आहे हे कळणार नाही असं टोपणनाव घेतात. ज्या खेळात सेकंदभर आधी मिळालेली खबर जीव वाचवते, तिथे गप्प राहणं म्हणजे एक हात बांधून लढणं. वर पुन्हा ‘मुलींना हे जमत नाही’ ऐकून घ्यायचं. हा सरळसरळ अन्याय आहे, आणि तो वर्गात शेजारच्या बाकावर बसणारी मुलंही करतात.

इतरत्र हे दुखणं ओळखलं गेलं आहे. ‘व्हॅलोरंट’ बनवणाऱ्या रायट गेम्सने 2021 मध्ये ‘गेम चेंजर्स’ या नावाने महिलांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू केल्या. कॉलेजांपुरतं बोलायचं, तर शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने 2014 मध्येच ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या खेळाडूंना शिष्यवृत्ती दिली. खेळ विद्यापीठाच्या नावाने होऊ लागला की संघाला कुणीतरी जबाबदार माणूस लागतो आणि खेळाडूला आपल्या तोंडावर ताबा ठेवावा लागतो.

आपल्याकडे त्यासाठी शिष्यवृत्तीची वाट बघायला नको. कॅरम आणि टेबल टेनिसला जागा देणाऱ्या जिमखान्यात संध्याकाळी पाच ते सात एक खोली, बरं वाय-फाय आणि लक्ष ठेवायला एक प्राध्यापक एवढं पुरे. संघनिवड फलकावर लावून सगळ्यांसाठी खुली ठेवावी. माईकवर शिवी दिली की मैदानावरच्या शिवीसारखीच शिक्षा, म्हणजे पुढचा सामना बाहेर बसून. आणि निवडीच्या पहिल्या दिवशी क्रीडाशिक्षकांनी स्वतः मुलींच्या वसतिगृहात जाऊन सांगावं की यादीत नाव द्या, माईक चालू ठेवून खेळायला या.