लकव्यालाही वस्ताद लागतो

तालमींच्या कोल्हापूरला मेहनतीचं महत्त्व कुणी पटवून द्यावं लागत नाही. खासबागेत कुस्ती मारणारा पैलवान वर्षानुवर्षं वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका काढत असतो. पण याच कोल्हापुरात घरातल्या कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की ही शिस्त कुणाला आठवत नाही. दवाखान्यातून आणलेला माणूस कॉटवर पडून राहतो. कुणी तेल चोळतं, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगतं, कुणी लांबच्या गावातल्या औषधाचा पत्ता देतं. यात दोन-तीन महिने निघून जातात, आणि नेमके तेच सर्वांत मोलाचे असतात.

पक्षाघातात मूळ दुखणं हातापायांत नसतंच. त्यांना हुकूम देणारा मेंदूचा भाग रक्ताची गुठळी अडकून किंवा रक्तस्राव होऊन निकामी झालेला असतो. मेंदूचे शाबूत भाग ते काम बरंचसं शिकू शकतात, पण त्यासाठी रुग्णानं स्वतः हात हलवायचा प्रयत्न करावा लागतो, तोही शेकडो वेळा. मालिशनं अंगाला बरं वाटतं. मेंदू मात्र त्यातून काही शिकत नाही.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून नंतर सगळं संपलं, असंही नाही. अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ या अभ्यासात झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले, हातात थोडी हालचाल शिल्लक असलेले २२२ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्या जणांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवला आणि सगळी कामं दुबळ्या हाताकडून करून घेतली. २००६ साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला होता आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता.

घरच्यांची माया कुठे कमी पडते, ते रुग्णाला उठवताना दिसतं. मुलगा बगलेत हात घालून वडिलांना वर ओढतो. पण खांद्याचा सांधा स्नायूंनी तोलून धरलेला असतो. ते ढिले पडले की हात खाली ओघळतो, खांद्यावर बोट बसेल एवढी खाच पडते. असा हात ओढला की खांदा धरतो, ठणकतो आणि रुग्ण व्यायामाचं नावच काढू देत नाही. फिजिओथेरपिस्ट आधी पावलं मागे घ्यायला लावतो, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकवतो आणि कमरेला आधार देतो. माणूस बराचसा आपल्याच पायांच्या जोरावर उभा राहतो.

मग घरच्यांनाच शिकवलं तर? भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा अभ्यास झाला. एका गटातल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायामाचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावले होते किंवा परावलंबी होते. घरच्यांची साथ हवीच, पण तिच्या भरवशावर तज्ज्ञाची जागा रिकामी ठेवता येणार नाही.

ती जागा शहराबाहेर रिकामी राहते. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरून अर्धं अंग गेलेल्या माणसानं आठवड्यातून तीनदा कोल्हापूर गाठायचं, तर गाडीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देणार? बहुतेक आरोग्य विम्यांना रुग्ण ॲडमिट असेपर्यंत आणि फार तर त्यानंतरचे मर्यादित दिवसच त्याची ओळख असते. खरं तर पुनर्वसन या शहराला नवं नाही. ऐन सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. कसबा बावड्यात फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. इथल्या विद्यार्थ्यांचे गट ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी, अनुभवी शिक्षकांसोबत गेले, तर मोठी सोय होईल.

तोवर एक गोष्ट उद्यापासून जमण्यासारखी आहे. डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी: पहिला व्यायाम कोणत्या दिवशी, कुठे आणि कोण घेणार.