लेवीय ओलांडून पुढे जाता येत नाही

वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प पुष्कळांचा लेवीयापाशी मोडतो. चरबी, रक्त, राख! मग व्यासपीठावरून एका वाक्यात सुटका होते : ख्रिस्ताचे बलिदान एकदाच आणि कायमचे झाले, आता हे सगळे रद्द. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय तिथे शंकेला जागाच ठेवत नाही. आक्षेप आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला.

अर्पण म्हणजे पापासाठी सांडलेले रक्त आणि दुसरे काही नाही, असे धरल्यावरच हा निष्कर्ष निघतो. लेवीयाच्या पहिल्या सात अध्यायांत मात्र अर्पणे पाच प्रकारची आहेत. अन्नार्पणात प्राणीच नाही. सपीठ, तेल, धूप आणि न चुकता मीठ. ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत, त्याचे पापार्पणसुद्धा एफाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या सपिठावर भागे. आणि वधस्तंभानंतर वीसेक वर्षे उलटून गेल्यावर पौल यरुशलेमेच्या मंदिरात चार नवसकऱ्यांच्या अर्पणांचा खर्च उचलतो (प्रेषितांची कृत्ये २१), तो कशासाठी? त्याला कृपेचा सिद्धांत कळला नव्हता, असे कोण म्हणेल?

शांत्यर्पणातले उपकारस्तुतीचे अर्पण पाहा. त्याचे मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही उरवायचे नाही. एका घराने एका दिवसात बैल कसा संपवायचा? माणसे बोलवावीच लागतात. अनुवाद हा ग्रंथ तर उत्सवाच्या पंगतीत दास-दासी, लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांची नावेच घेतो. करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौल भडकला तो याच परंपरेत वाढलेला म्हणून. आपले प्रभुभोजन आता घोटभर रस आणि नखाएवढ्या भाकरीवर आले आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतर जो तो आपापल्या डब्याकडे वळतो, ही मात्र पौलाला ओळखीची गोष्ट वाटली असती.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. त्याला लेवीय नको असतो, पण मलाखीचा तिसरा अध्याय तोंडपाठ असतो : दशमांश आणा, आकाशाची कवाडे उघडतील. देवाकडे पैसा पेरायचा आणि शंभरपटीने कापायचा! होमार्पणात पशू सबंध जळे. देणाऱ्याला त्यातला घासही मिळत नसे आणि याजकाच्या वाट्याला येई ते फक्त कातडे. यात परतावा कुठे बसतो? दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश तर गावातच साठवून लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांना खाऊ घालायचा होता. दशमांश मागणाऱ्यांनी हा हिशेबही फळ्यावर लिहावा.

आमोस आणि यशया यांनी यज्ञांचा धिक्कार केला, हा दाखला दोन्ही पक्ष सोयीने वापरतात. आमोसाचा राग खोट्या तराजूवर होता. गिऱ्हाइकाला मापात मारून तोच हात वेदीपाशी नेणाऱ्यांवर होता. नेमकी हीच गोष्ट दोषार्पणाच्या विधीत आधीच आहे. शेजाऱ्याची ठेव दाबली, कुणाला लुबाडले, खोटी शपथ वाहिली, तर मुद्दल परत द्यायचे आणि वर पाचवा हिस्सा. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार, तेही ज्याचे त्याच्या हातात. मंदिराच्या दानपेटीत टाकून चालत नाही. मेंढा त्यासोबत. डोंगरावरच्या प्रवचनात येशू हाच क्रम ठेवतो : अर्पण वेदीपाशी राहू दे, आधी भावाशी समेट कर.

मग पुन्हा बोकड कापायचे का, असा प्रश्न येणारच. मुळीच नाही. इब्री लोकांस पत्रच तेराव्या अध्यायात सांगते की स्तुती, परोपकार आणि आपल्यातले वाटून देणे हे यज्ञ अजून चालू आहेत. ज्या मंडळीचे विश्वस्त एकमेकांविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज घेऊन उभे असतात आणि रविवारी एकाच प्याल्याशी गुडघे टेकतात, तिथे प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात पाळकांनी लेवीयाचा सहावा अध्याय मोठ्याने वाचावा, आणि पाचवा हिस्सा कुणाकुणाचा निघतो ते विचारावे.