आळशाची बाजू

घरच्या घरी ॲल्युमिनियमला वेल्डिंग करायचं म्हटलं, की आमच्या आळीत जो तो सांगतो, "अहो, कार्बन डायऑक्साइड भरा! स्वस्त पडतो." स्वस्त तर मोरीतली बादलीही असते, म्हणून तिच्यात कुणी खीर करत नाही! लोखंडी गेटाला तो चालतो, कबूल. पण ॲल्युमिनियम म्हणजे सोवळ्यातली आजी. वितळलेलं असताना नुसती हवा लागली तरी विटाळतं, आणि हे महाशय आर्कच्या आचेत फुटून वर ऑक्सिजनच वाटत सुटतात. हाती येतो काळाकुट्ट, ठिसूळ सांधा. धातू वितळतो ६६० अंशांना. त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांपर्यंत ढिम्म हलत नाही. त्यात आणखी भर कशाला?

इथे हवा शुद्ध आर्गॉनच. १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांनी तो हवेतून शोधून काढला आणि ग्रीक भाषेत नाव ठेवलं 'आळशी'. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सांध्यावर पांघरूण घालून स्वस्थ पडतो. (जाड पत्र्यासाठी त्यात हीलियम मिसळतात, तो श्रीमंती शौक.) फक्त दारं-खिडक्या लावून बसू नका. गडी हवेपेक्षा जड. बंद खोलीत ठाण मांडून श्वासाची हवा हुसकावतो, आणि त्याला वास नसल्यामुळे कळतही नाही.