पीजे आणि आमचा वेळ

शेती पोराच्या हाती दिली आणि मी पीजेनं हिंडायला लागलो. काम काही नसायचं. शेंदुर्णीला बसायचं, पाचोऱ्याला चहा प्यायचा, परतीच्या गाडीनं घरी. पोरगा म्हणायचा, "आबा, त्या गाडीला पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात. मोटारसायकलवर सोडतो ना!"

अरे, चाळीस वर्षं पावसाच्या, लाइटीच्या, मार्केटच्या वेळेवर धावलो. आता खिडकीतून दुसऱ्याच्या कपाशीला बोंडं किती धरली ते बघू दे की! डब्यात दवाखान्याला निघालेली म्हातारी आणि कॉलेजची पोरं एकाच बाकावर. कुठं पाऊस झाला, कोणाची सोयरीक जमली, सगळं तिथंच कळायचं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली, ती थांबलीच. आता अडीच फुटी रूळ जाऊन ब्रॉडगेज येणार. येऊ द्या, माझा विरोध नाही. पण "लहान ठेसनं परवडत नाहीत" म्हणणाऱ्यांना विचारतो, मिनिटं वाचवायचा हिशेब तुम्ही केला. वरखेडीच्या म्हातारीच्या पायपिटीचा कोणी करायचा? गाडी न थांबता गेली, तर आमच्या वाट्याला तिचा नुसता आवाज येईल.