भिंतीआडचा समुद्र

"आम्हाला निसर्ग आवडतो. गर्दी नको, धावपळ नको, फक्त आम्ही दोघं आणि समुद्र." न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत दर हिवाळ्यात हे वाक्य माझ्या कानावर येतं. मग हीच माणसं शेकडो खोल्यांच्या रिसॉर्टचं पॅकेज घेतात, आठवडाभर एकाच आवारात राहतात आणि परत येऊन सांगतात, "कॅरिबियनला जाऊन आलो." कुठल्या बेटावर, असं विचारलं की रिसॉर्टचं नाव सांगतात. बेटाचं नाव आठवावं लागतं. ज्या देशाचा शिक्का आपल्या पासपोर्टवर बसला त्याचं नाव ज्याला आठवावं लागतं, त्याने निसर्गप्रेमाच्या गोष्टी करू नयेत.

माझे वडील कधी भारताबाहेर गेले नाहीत. पण 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये क्रिकेट मालिका जिंकली तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन, किंग्स्टन ही नावं त्यांना शेजारच्या गावांसारखी पाठ होती. कुठलं शहर कुठल्या देशात आहे हे ते झोपेतही सांगत. ज्यांनी ती बेटं कधी पाहिली नाहीत त्यांना ती वेगवेगळी माहीत होती. आम्ही तिथे पोचलो आणि आमच्यासाठी ती सगळी एक झाली: निळं पाणी, पांढरी वाळू, फुकट दारू.

मी हे हक्काने बोलते, कारण लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला आम्ही हेच केलं होतं. एका ट्रॅव्हल एजंटला सांगितलं, शांत जागा हवी, झाडं-पक्षी हवेत. त्याने जमैकातल्या एका रिसॉर्टचं पॅकेज गळ्यात मारलं. विमानतळावरून बसने थेट आवारात. मनगटावर पट्टी. दोन्ही बाजूंनी भिंत समुद्राच्या पाण्यापर्यंत नेलेली. सकाळी सातपासून पोहण्याच्या तलावाकाठी कर्कश संगीत. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या टोकाला एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आंबे विकायला आली. पहारेकऱ्याने तिला हाताने मागे सारलं. ती तिथलीच होती, समुद्र तिच्या गावाचा होता, आणि तिला वाळूवर पाऊल टाकायची मनाई होती. मी आराम खुर्चीत बसून ते पाहत होते.

जमैकात जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या पंचवीसहून अधिक जातींचे पक्षी आहेत. ब्लू माउंटन्सचं जंगल 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे. लांब दुहेरी शेपटीचा, हिरव्या पाचूसारखा हमिंगबर्ड हा तिथला राष्ट्रीय पक्षी. आम्ही त्यातलं काहीही पाहिलं नाही. आवारातली हिरवळ मात्र रोज पाणी मारून हिरवी ठेवलेली होती. त्या एजंटच्या लेखी हिरवा रंग म्हणजे निसर्ग.

घरी आल्यावर मी वाचायला लागले, तेव्हा कळलं की ती भिंत एका हॉटेलच्या उर्मटपणाची गोष्ट नाही. जमैकात 1956 चा किनारा नियंत्रण कायदा आहे आणि त्यात सामान्य माणसाला समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क दिलेला नाही. ब्रिटिश अमलातला हा कायदा स्वातंत्र्यानंतरही उभा राहिला. तिथले लोक आजही किनाऱ्यासाठी कोर्टात आणि रस्त्यावर लढताहेत. आपण ज्याला "प्रायव्हेट बीच" म्हणून कौतुकाने जादा पैसे मोजतो, तो कुणाचा तरी हिरावलेला किनारा असतो.

या सगळ्याचं मूळ ऊस आहे. इंग्रज 1627 मध्ये बार्बाडोसवर वस्ती करायला उतरले तेव्हा बेट दाट जंगलाने झाकलेलं होतं. 1640 च्या दशकात तिथे उसाची लागवड पसरली आणि एका पिढीत जंगल जवळजवळ संपलं. अँटिग्वाचीही तीच गत झाली. ऊस जमिनीचं आणि पाण्याचं काय करतो हे मराठी वाचकाला शिकवायला नको. या बेटांवर त्याने माणसंही खाल्ली. आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेले लाखो जीव त्या फडांत राबून मेले. जी बेटं सपाट, सोयीची, बंदराला चांगली, ती आधी उसाने ओरबाडली आणि नंतर त्यांच्याच किनारपट्टीवर रिसॉर्ट उभे राहिले. मालक बाहेरचा, राबणारा तिथला, फायदा बेटाबाहेर, मधे कुंपण. फडाची रचना हॉटेलने जशीच्या तशी उचलली.

हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाने बार्बुडा उद्ध्वस्त केलं आणि बेटावरच्या सगळ्या माणसांना अँटिग्वाला हलवलं. बार्बुडाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामायिक होती, कुणा एकाची नव्हती. लोक घराबाहेर असतानाच नव्या विमानतळासाठी यंत्रं जमीन साफ करू लागली. पाठोपाठ सामायिक मालकीचा कायदा बदलला गेला आणि श्रीमंतांच्या बंगल्यांचे, गोल्फ मैदानाचे प्रकल्प आले. तिथल्या कॉड्रिंग्टन खाजणात फ्रिगेट पक्ष्यांची जगातली एक फार मोठी वसाहत आहे. निसर्ग आवडतो म्हणून त्या गोल्फ मैदानाशेजारी खोली घेणं हा सरळसरळ खोटेपणा आहे.

मग दोघांनी जायचं कुठे? माझं उत्तर एकच आहे: डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. दोन्ही वेगळे देश आहेत आणि बुकिंग करताना ही चूक अनेकांची होते. ग्वाडेलूप आणि मार्टिनिक यांच्या मधला हा देश साडेसातशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबईहून जरासा मोठा. माणसं सत्तर हजारांच्या आसपास. 1978 मध्ये स्वतंत्र झाला. तो उसापासून बराचसा वाचला, कारण तो उभाच डोंगरांचा आहे, आणि कारण तिथले मूळ रहिवासी कालिनागो लोक हटले नाहीत. 1748 च्या तहात फ्रान्स आणि ब्रिटन दोघांनी हे बेट तटस्थ मानून कालिनागोंकडे सोडलं. 1763 मध्ये ब्रिटिशांनी ते ताब्यात घेतलं, मळे लावले, गुलाम आणले, तरीही डोंगर त्यांना पुरता साफ करता आला नाही. पळून आलेले गुलाम याच जंगलात लपून लढले. कालिनागोंचा 3,700 एकरांचा मुलूख आजही पूर्व किनाऱ्यावर आहे. जंगल आपोआप शिल्लक राहत नाही. ते कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

आम्ही तिथे 2019 च्या मार्चमध्ये गेलो. 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचं वादळ या बेटावरून गेलं होतं. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त नुकसान एका रात्रीत झालं, पंतप्रधानांच्या घराचंही छप्पर उडालं. आम्ही गेलो तेव्हा किती तरी घरांवर निळी ताडपत्री होती. डोंगरावर झाडांचे उघडे बुंधे उभे होते आणि प्रत्येक बुंध्याला तळापासून वरपर्यंत कोवळी पालवी फुटलेली होती. असा निसर्ग मी कुठल्याही जाहिरातीत पाहिलेला नाही.

एका जोडप्याच्या घरातल्या वरच्या खोलीत आम्ही राहिलो. रात्री पत्र्यावर पाऊस, पहाटे पोपटांचा कलकलाट, बाकी आवाज नाही. जेवणात कॅलालू आलं. ते दाशीनच्या पानांचं करतात, आणि दाशीन म्हणजे आपला अळू. नारळाच्या दुधातलं ते दाट कालवण तोंडात गेलं आणि नवरा म्हणाला, "हे तर फदफदं." सोबत भाजलेला नीरफणस, ज्याचे काप कोकणात आजही तळतात. "तिकडे शाकाहारी माणसाने खायचं काय?" ही तक्रार मला पुन्हा कुणी ऐकवू नये.

मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यान 1997 पासून जागतिक वारसा आहे. त्याच्या पोटात उकळतं सरोवर आहे: सुमारे साठ मीटर रुंद, राखाडी-निळं, मधोमध सतत खदखदणारं, कडेचं पाणीही ऐंशी अंशांच्या पुढे. तिथवर रस्ता जात नाही. गाइड घेऊन जाऊन-येऊन सहा-सात तासांची चाल, वाटेत गंधकाच्या वाफांची उजाड दरी. पन्नाशीला टेकलेल्या आम्हा दोघांना आठ तास लागले. ज्यांना एवढं चालायचं नाही त्यांच्यासाठी ट्रफाल्गरचे जुळे धबधबे आहेत, इंडियन नदीतून वल्ह्याच्या होडीची सैर आहे, आणि शॅम्पेन रीफला समुद्राच्या तळातून गरम वायूचे बुडबुडे वर येतात त्यांत पोहता येतं. ज्यांना भरपूर चालायचं आहे त्यांच्यासाठी 185 किलोमीटरची, चौदा टप्प्यांची वाइतुकुबुली पायवाट आहे. वाइतुकुबुली हे बेटाचं कालिनागो नाव. अर्थ, उंच आहे तिची काया.

समुद्रात गेलो तेव्हा होडीवाल्याने पाण्यात मायक्रोफोन सोडला. खालून टकटक ऐकू आली, घड्याळजीच्या दुकानासारखी. स्पर्म व्हेल एकमेकांशी बोलत होते. पाऊण तासाने एक मादी श्वास घ्यायला वर आली, आणि होडीतलं कुणीही बोललं नाही. या किनाऱ्याजवळ व्हेलची कुटुंबं बारा महिने असतात. 2023 मध्ये डॉमिनिकाने त्यांच्यासाठी सुमारे 788 चौरस किलोमीटर समुद्र राखीव जाहीर केला. स्पर्म व्हेलसाठी राखलेलं असं क्षेत्र जगात पहिलंच. एवढ्याशा, कर्जाच्या ओझ्याखालच्या देशाने हे केलं. व्हेलसोबत फोटोसाठी पाण्यात उड्या मारायला जाऊ नका. होडीतून ऐका, तेवढं पुरे.

झेंड्यावरचा सिसेरू पोपट आम्हाला दिसला नाही. तो याच बेटावर असतो आणि आता फार थोडे उरलेत. तक्रार नाही. जंगल आपल्या सुट्टीच्या वेळापत्रकाला बांधलेलं नसतं. हे ज्याला मान्य नाही त्याने प्राणिसंग्रहालयात जावं.

आता आक्षेप. "पांढरी वाळू नाही." नाही. बहुतेक किनारे काळे, ज्वालामुखीचे; उत्तरेला थोडे सोनेरी आहेत. पांढरी वाळू नव्हती म्हणूनच मोठ्या हॉटेलांनी या बेटाकडे पाठ फिरवली आणि किनारा तिथल्या लोकांकडे राहिला. "पाऊस पडतो." पडतो, म्हणून जंगल आहे. "पोचायला अवघड." डिसेंबर 2021 पासून मायामीहून थेट विमान आहे. आम्ही दोन विमानं बदलून गेलो होतो आणि मेलो नाही. "रात्री करायला काही नाही." शांतता मागून आलेल्या माणसाने ही तक्रार करावी याची त्याला लाज वाटली पाहिजे.

डॉमिनिका निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. राजधानी रोझोला क्रूझ जहाजं लागतात, हजारो माणसं काही तासांसाठी उतरतात, एक धबधबा पाहून जहाजावर जेवायला परत जातात. उकळत्या सरोवराकडे केबल कार नेण्याचा प्रकल्प सरकारने हाती घेतला आहे, मोठा विमानतळही बांधला जातोय. गरीब देशाने काय करावं हे न्यू जर्सीत बसून मी सांगणार नाही. पण पैसा क्रूझवाल्यांकडूनच येतो असं त्यांना वाटायला लावणारे आपण आहोत. छोट्या घरात राहणारे, गाइडला पूर्ण दिवसाचे पैसे देणारे प्रवासी वाढले, तर तिथल्या लोकांच्या हातात दुसरा हिशेब असेल.

डॉमिनिका जमलंच नाही तर टोबॅगोला जा. तिथल्या मेन रिजचं जंगल 1776 मध्ये कायद्याने राखीव झालं, कारण डोंगरावरची झाडं तोडली तर पाऊस जाईल हे तेव्हाच्या मळेवाल्यांनाही उमगलं होतं. कास्तारासारख्या कोळ्यांच्या गावात खोली घ्या, मार्चनंतर रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी अजस्र कासवं लांबून बघा.

पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. या किनाऱ्यावर इथल्या माणसाला बसता येतं का? आणि माझा पैसा संध्याकाळी कुणाच्या घरी जातो? एजंटला उत्तर देता आलं नाही तर उठून या. मला त्या आंबेवालीचा चेहरा अजून आठवतो. मी तेव्हा खुर्चीतून उठले नव्हते.

डॉमिनिकाला जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाऊस कमी असताना जा. किमान आठ दिवस राहा. आणि परत आल्यावर कुणी विचारलं कुठे गेला होतात, तर बेटाचं नाव सांगा.